चालत जाण्याच्या अंतरावरचे मैदान (अध्यक्षीय भाषण)

कोल्हापुरात खेळाची सोय पूर्वी पेठेगणिक होती. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, गंगावेश, शाहूपुरी, कुठेही तालीम घरापासून हाकेच्या अंतरावर असे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तालमींची आहेत आणि फुटबॉल संघांचीही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. त्या मैदानाचा अभिमान योग्यच; पण खासबाग ही कुस्ती पाहण्याची जागा, मल्ल घडला तो गल्लीतल्या तालमीत. हा फरक शहर विसरले आहे आणि प्रस्तुत भाषणाचा विषय तेवढाच आहे.

तालमीची व्यवस्था निर्दोष नव्हती. मुलींना तिथे दार नव्हते, आयांना तर नव्हतेच. तरीही जागा जवळ हवी, ती रोज उघडी हवी आणि तिची निगा वस्तीने राखावी, हे सूत्र तिने सिद्ध केले. उपनगरे वाढली तेव्हा तालीम मागे राहिली आणि हे सूत्रही सोबत आले नाही.

कायद्यात सोय आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. प्रत्यक्षात त्या ‘ओपन स्पेस’वर आधी देऊळ येते, मग बहुउद्देशीय हॉल, उरलेल्या भागात पेव्हर ब्लॉक आणि ओपन जिमची चार यंत्रे. पेव्हरवर पडलेल्या पोराचा गुडघा फुटतो, हे निविदेत कुठे लिहिलेले नसते. विकास आराखड्यातील क्रीडांगणाच्या आरक्षणाची गत वेगळी. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही की आरक्षण व्यपगत होते. मैदान अशा वेळी कोणी हिसकावून घेत नाही, ते नुसते फायलीत संपते.

क्रीडाशिक्षकांत एक वाद जुना आहे: एक मोठे संकुल की अनेक लहान मैदाने? संकुलाच्या बाजूने पदकांचा दाखला दिला जातो. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. अशा खेळाडूला क्रीडा प्रबोधिनी, रेंज, प्रशिक्षक लागतात, हे निर्विवाद. पण सहावीतल्या ज्या पोरीला फक्त धावायचे आहे तिला संकुल नको, कोपऱ्यावरचे मैदान हवे. प्रस्तुत वक्त्याच्या नोकरीच्या काळात एका शाळेचे मैदान संध्याकाळी वसाहतीसाठी उघडे ठेवले जाई. ज्यांना स्कूटरवरून सोडावे लागे ती मुले पंधरवड्यात गळाली. पायी येणारी टिकली. मुलींची संख्या वाढली ती प्रशिक्षकामुळे नव्हे, तर कडेला चालणाऱ्या आयांमुळे. पुढे त्याच आया पदर खोचून थ्रोबॉल खेळू लागल्या. व्यवस्थापन बदलले, फाटकाला कुलूप लागले आणि कारण म्हणून ‘जबाबदारी कोणाची’ एवढाच प्रश्न पुढे आला. वाद त्या फाटकापाशीच मिटतो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगते. शाळेच्या वेळापत्रकातील खेळाच्या तासांत ते भागत नाही. परीक्षा जवळ आली की ते तासही गणिताला जातात. उरते ती संध्याकाळ. त्याच वेळी शाळांची मैदाने रिकामी आणि बंद असतात, तर पोरे रस्त्यावर दुचाक्या चुकवत क्रिकेट खेळतात.

लहान मैदानाला लागते ते फारसे महाग नसते: पाण्याचा निचरा, मुरूम, अधूनमधून रोलर, दिवे, कडेला झाडे. स्वच्छतागृह मात्र हवेच; त्यावाचून बायका आणि मुली तासभरही थांबत नाहीत. कोल्हापुरी पावसाळ्यात निचरा नसेल तर मैदानाचे तळे होते आणि खेळाचे महिने बुडतात. निधी उद्घाटनाला मिळतो, निगराणीला मिळत नाही.

यासाठी आपल्या परिषदेने प्रभागवार मोकळ्या जागांची यादी करावी, शाळांची फाटके संध्याकाळी उघडण्यासाठी महापालिकेशी बोलणी करावीत आणि किल्ली सांभाळणारी वस्तीची समिती, तीत निम्म्या स्त्रिया, असा नमुना तयार करावा. विम्याचा आणि वीजबिलाचा प्रश्न राहतो. तो कार्यकारिणीने पुढील बैठकीत घ्यावा.