लघुलहरींचा लहान रेडिओ कसा निवडावा

घरांतील वडीलमाणसाला रात्रीं दूरदेशींच्या बातम्या ऐकण्याची आवड असते. मुलगा मोठ्या हौसेनें बारा पट्ट्यांचा एक चकचकीत रेडिओ बाजारांतून आणून देतो. आणि कळ फिरवावी तों आंतून नुसती खरखर, नाहीं तर दोन केंद्रांचा एकत्र कालवा ऐकूं येतो! आठ दिवसांत तें यंत्र फडताळांत जातें, आणि लघुलहरींत आतां कांहीं राहिलें नाहीं, असा निकाल घरांत दिला जातो. पुष्कळदां दोष लहरींचा नसून निवडीचा असतो.

पैसे मोजण्यापूर्वी पहिला विचार करावयाचा तो ऐकावयाचें काय, याचा. पूर्वीं घरोघर ऐकूं येणारीं अनेक केंद्रें आज बंद आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नभोवाणीनें आपलें लघुलहरींवरील क्षेपण २०१७ च्या जानेवारीअखेर थांबविलें, बी. बी. सी. ची लघुलहरींवरील हिंदी सेवा २०२० च्या जानेवारीअखेर संपली. तथापि बी. बी. सी. चे इंग्रजी कार्यक्रम, तसेंच चीन, रुमानिया व न्यूझीलंड यांचीं क्षेपणें अद्याप चालू आहेत. हवें तें केंद्रच बंद झालें असेल, तर उत्तमांतलें उत्तम यंत्रही मुकेंच राहणार.

दुसरी गोष्ट पट्ट्यांच्या संख्येची. लघुलहरी म्हणजे सुमारें ३ ते ३० मेगाहर्ट्झ एवढा विस्तार. आकाशांतील विद्युन्मय थरावरून परतून या लहरी सहस्रावधि मैल जातात. तो थर सूर्याच्या प्रभावाखालीं असल्यामुळें दिवसां सामान्यतः १९ व २५ मीटरांचे पट्टे, तर रात्रीं ३१, ४१ व ४९ मीटरांचे पट्टे अधिक फलदायी ठरतात. हे पांच पट्टे नीट लागले, तर घरगुती श्रोत्याचें बहुतेक काम भागतें. खोक्यावर छापलेल्या बाराच्या आंकड्याला भुलण्याचें कारण नाहीं.

खरी परीक्षा आहे ती निवडशक्तीची. लघुलहरींवर केंद्रें पांच-दहा किलोहर्ट्झच्या अंतरानें दाटीनें बसलेलीं असतात. सुई फिरविण्याच्या अगदीं स्वस्त यंत्रांत शेजारच्या केंद्राचा आवाज मिसळतोच; शिवाय एखादें बलवान केंद्र आपल्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खालीं पुन्हां उमटतें, आणि नवख्या श्रोत्याला तें निराळेंच केंद्र वाटतें. थोडी अधिक किंमत देऊन आंकडे दाखविणारें यंत्र घेतल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते. टेकसन कंपनीचा पी. एल. ३८० हा या जातीचा लहान रेडिओ असून तो तीन साध्या सेलांवर चालतो. त्याच कंपनीच्या पी. एल. ३३० मध्यें हौशी बिनतारीवाल्यांचें एकपार्श्वीय संभाषणही ऐकतां येतें. पण ज्याला केवळ बातम्या व गाणीं ऐकावयाचीं आहेत, त्यानें या सोयीसाठीं जास्त पैसे देऊं नयेत.

येथें ‘डिजिटल’ या शब्दाचा घोटाळा होतो. यंत्रावर आंकडे दिसतात, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. आकाशवाणीचें डी. आर. एम. पद्धतीचें अंकीय क्षेपण अशा यंत्रावर ऐकूं येत नाहीं. नुसता घोष ऐकूं येतो. तसेंच मध्यमलहरींची पायरी ९ किलोहर्ट्झवर लावलेली आहे ना, हें पाहून घ्यावें. अमेरिकेसाठीं लावलेलें यंत्र दहा-दहाच्या पायरीनें चालतें. तें ७९० वरून ८०० वर जातें आणि पुण्याला नेमून दिलेली ७९२ ची जागा मधल्यामध्यें चुकते.

यंत्र चांगलें असलें, तरी शहरांतील घर हाच त्याचा मोठा शत्रु. एल. ई. डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांतून सतत विद्युत्-गोंगाट उठत असतो. म्हणून मुख्य खटका व इन्व्हर्टर दोन्ही क्षणभर बंद करून रेडिओ सेलवर लावावा. खरखर थांबली, तर दोष दुकानदाराचा नाहीं. मग एकेक वस्तु चालू करून अपराधी शोधून काढावा. रेडिओ खिडकीशीं ठेवून त्याच्या दांडीला चार-पांच मीटर लांबीची तार चिमट्यानें अडकविल्यास आवाज बहुधा सुधारतो. मात्र विजा चमकूं लागण्यापूर्वीं ती तार काढून ठेवावी.

शेवटची परीक्षा ज्याच्यासाठीं रेडिओ घ्यावयाचा, त्याच्याच हातीं द्यावी. आंकडे चष्म्यांतून स्पष्ट दिसतात काय, कळ थरथरत्या बोटांना सांपडते काय, हें दुकानांत मुलाला कळत नाहीं; वडिलांना मात्र तत्काळ कळतें. परत घेण्याच्या बोलीवर यंत्र घरीं आणावें, रात्रीं नऊच्या सुमारास लावून पाहावें, आणि पसंत पडल्यास आवडीचीं चार केंद्रें यंत्राच्या स्मरणांत मुलानेंच भरून द्यावीं. म्हणजे वडिलांना अंधारांतही एक कळ दाबून तीं लावतां येतील.