दंड : एक हजार रुपये

(खोडद येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



येताना शेताशेतांतून उभ्या असलेल्या त्या दुर्बिणीच्या तबकड्या पाहिल्या. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा एकूण ३०. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बांधल्या. आभाळातून आलेल्या रेडिओलहरी टिपतात. तिथं बोगस कागद चालत नाही.

त्याच संस्थेत प्रा. यशपाल विश्वकिरणांवर काम करत. पुढं विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २००२ साली छत्तीसगड सरकारनं खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि वर्षाच्या आत ११२ विद्यापीठं काढली! कैकांचं विद्यापीठ म्हणजे एक खोली. म्हाताऱ्यानं थेट सुप्रीम कोर्ट गाठलं. ११ फेब्रुवारी २००५ ला कोर्टानं त्या कायद्याची मुख्य कलमंच उडवली, विद्यापीठं मोडीत निघाली.

पण असल्या दुकानाची पायरी चढतं कोण? साहेबाचा पोरगा नाही चढत. त्याला सांगायला काका-मामा प्रोफेसर असतात. ज्याच्या सात पिढ्यांत डिग्री आली नाही, तो चढतो.

माझा चुलतभाऊ चढला. चुलतीनं डोरलं मोडून फी भरली. कॉलेज कुठलं ते जाऊ द्या. वर्ग नाही, मास्तर नाही, पेपर घरी बसून. दोन वर्षांत बी.ए.! नोकरी लागली, कागद पडताळणीला गेले, नोकरी गेली. वर साहेब हसून म्हणाला, "तुमच्यातले सगळे असेच." माल विकला भलत्यानं, डाग लागला जातीला. आणि खरं बोलायचं तर, न शिकता डिग्री मिळते हे आमच्या भावालाही गोड लागलंच होतं. हेही आपणच आपल्यात बोललं पाहिजे. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात उपाशीपोटी बसले ते काय कागदासाठी?

आता विकणाऱ्याचं ऐका. अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. कलम २२ : रीतसर कायद्यानं स्थापन झालेल्या वा मान्यता असलेल्या विद्यापीठाशिवाय कुणी पदवी द्यायची नाही. दिली तर? कलम २४ : दंड, जास्तीत जास्त १,००० रुपये. हजार! डोरल्याचा एक मणीसुद्धा येत नाही त्यात. आयोग बोगस विद्यापीठांची यादी छापतो, नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ वर्षानुवर्षं त्या यादीत. यादी छापून दुकान बंद होत नसतं, राजेहो.

यंदा ज्यांनी कुठं फी भरलीय, त्यांनी पावत्या आणल्यात ना? काढा बाहेर. चहा येईस्तोवर एकेक नाव आयोगाच्या यादीशी ताडून बघू.