ढोल-ताशा वर्ग : एका वयस्कर विद्यार्थ्याचे मनोगत

(मंडळाच्या ढोल-ताशा वर्गाच्या वाद्यपूजन प्रसंगी केलेले भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. वादनातल्या अधिकारामुळे दिली असे कुणी समजू नये. आपल्या वर्गाचे हे तिसरे वर्ष आणि तिन्ही वर्षे मी त्यातला सर्वांत वयस्कर विद्यार्थी आहे, एवढीच माझी पात्रता. कारखान्यातून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांनी इथे नाव घातले. माझी जागा तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी. तिथून जे दिसले ते सांगतो. आणि त्याबरोबर एका प्रश्नावर माझे मत मांडणार आहे, कारण तो येत्या रविवारी कार्यकारिणीपुढे यायचा आहे.

प्रश्न असा आहे. आपल्याकडे ढोल चोवीस आणि ताशे सहा. यंदा नावे आली एकेचाळीस. त्यांतली मराठी घरांतली बावीस, उरलेली एकोणीस शेजाऱ्यांची, सहकाऱ्यांची आणि मुलांच्या शाळासोबत्यांची. काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे की आधी आपली बावीस घ्यावीत आणि ढोल उरले तर बाकीच्यांना द्यावेत. त्यांचे म्हणणे वावगे आहे असे मी म्हणणार नाही. मंडळ मराठी माणसांनी वर्गणी काढून उभे केले, उत्सव आपला, वाद्ये आपल्या पैशांची. तरीही मला ते पटत नाही. का पटत नाही ते कळण्यासाठी आधी वर्गात काय होते ते पाहावे लागेल. कारण मिरवणुकीत पाहणाऱ्याला फक्त शेवटचा दिवस दिसतो.

वर्गात आल्याबरोबर ढोल मिळत नाही. पहिले आठ दिवस जुन्या स्कूटरच्या टायरवर टिपरू मारायचे. आपल्या ताई (वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, पण शिकवणाऱ्याला ताईच म्हणायचे) मोजतात आणि आपण टायर बडवतो. ढोल येतो त्यानंतर. आमचा एक ढोल मी उत्सुकतेपोटी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिला, साडेनऊ किलो भरला. तो कमरेला बांधून दोन तास उभे राहायचे. एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर हाताची थाप. चौथ्या दिवशी बोटे सोलवटतात, मग बोटांना चिकटपट्टी गुंडाळून वाजवायचे. वाजवण्याआधी दोर ओढून ढोल ताणावा लागतो, आणि ते काम एकट्याचे नव्हे, दोघे लागतातच. चामड्याचे पान पावसाळी हवेत सैल पडते, आवाज मढ्यासारखा येतो. जबलपूरच्या आषाढ-श्रावणात हे दुखणे रोजचे, म्हणून आता बहुतेक ढोलांना फायबरची पाने आहेत. आवाजाचा गोडवा कमी झाला हे मला मान्य आहे, पण चामडे शेकत बसायला शेकोटी कुठे लावणार?

आता खरी गंमत सांगतो. ढोल वाजवणारा स्वतःच्या मनाने काही वाजवत नाही. पुढे ताशा असतो, तो सांगतो. ताशाची तर्री सुरू झाली की ढोल सज्ज होतात, ताशाने खूण दिली की हात बदलतो, मध्ये टोलाचा ठोका सगळ्यांना बांधून ठेवतो. ढोलवाल्याचे काम एवढेच की चोवीस जणांचा मिळून एक ठोका पडावा. आपला वेगळा ऐकू आला तर तो चुकला. मी चौतीस वर्षे कारखान्यात काढली. तिथे उत्तम कारागीर तो, ज्याचे काम उठून दिसते. इथे उलटे आहे. माझा ठोका कुणालाही वेगळा ऐकू आला नाही, त्या दिवशी ताई म्हणाल्या, "काका, आज जमलं."

अभियंता मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. चोवीस ढोल दोन-दोनच्या रांगेत चालले की पथक साधारण अठरा मीटर लांब होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या रांगेला सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा पोचतो. मागच्याने कानावर विसंबून वाजवले तर तो कायम थोडा मागेच राहणार. म्हणून ताई सारख्या ओरडतात, "कानानं नका, डोळ्यांनी वाजवा." पुढच्याचा हात उठला की आपला उठला पाहिजे. मोठ्या पथकांत मधोमध ध्वज किंवा हाताची खूण लागते ती ह्यासाठीच.

तर पुढच्याचा हात पाहायचा. माझ्या पुढच्या रांगेत कोण आहे? फोर्ज शॉपमधला माझा जुना सहकारी, मूळचा रीवा जिल्ह्यातला. एका छताखाली आम्ही इतकी वर्षे काम केले, डबे वाटून खाल्ले, पण त्यांच्या घरी मी लग्नकार्यापलीकडे कधी गेलो नव्हतो आणि गणपतीत ते माझ्याकडे येऊन प्रसाद घेऊन जात, तेवढेच. आता रोज दोन तास मी त्यांचा हात पाहतो. मागच्या वर्षी त्यांच्या सूनबाईही वर्गात आल्या. ताई मोजतात मराठीत, सूचना देतात मराठीत : हळू, पुन्हा, थांबा, उचला. परवा ह्या गृहस्थांना नातवावर ओरडताना ऐकले, "अरे हळू, हळू! धीरे बोला ना!" मराठी आधी आणि हिंदी नंतर.

आणि माझा स्वतःचा नातू? त्याला घरी मराठीत विचारले की उत्तर हिंदीत येते. हे दुखणे माझ्या एकट्याच्या घरचे नाही, इथे बसलेले निम्मे आजी-आजोबा मान हलवत आहेत. एके काळी आपले मंडळ उत्सवात तीन अंकी नाटक करीत असे, दोन महिने तालमी चालत. आता नाटक बसवायचे तर संवाद मराठीत म्हणणारी मुले कुठून आणायची? ढोलाला संवाद नाही. त्यामुळे ज्याला मराठी येते, अर्धवट येते, मुळीच येत नाही, असे सगळे एका रांगेत उभे राहू शकतात आणि त्या रांगेत मराठी कानावर पडते. नाटकाची सर ह्याला नाही. पण नाटक बंद पडल्यावर पन्नास माणसे एका वेळी लागतात असे मंडळाकडे दुसरे काय उरले आहे, मला सांगा. आरतीला वीस आणि महाप्रसादाला चारशे, ही आपली हजेरी.

काही ज्येष्ठ म्हणतात, हे पुण्याचे खूळ आहे, जबलपूरच्या मराठी माणसाची ही परंपरा नाही. बरोबर आहे, नाहीच. इथला मराठी माणूस काही नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात आला, तो अंमल १८१७ साली संपला. नंतर लोक आले ते कचेऱ्यांत, रेल्वेत, १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढच्या कारखान्यांत. त्यांनी आणले भजन, लेझीम आणि नाटक. पण पुण्यात तरी हे पथक आधीपासून होते का? ढोल होता तो मुळशी, मावळ, वेल्ह्याच्या गावांत. तिथली पथके मिरवणुकीला पुण्यात येत. शहरातल्या विद्यार्थ्यांच्या हाती ढोल दिला तो ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक अप्पा पेंडसे यांनी. पुढे तिथे मुलींचेही पथक उभे राहिले. मग नू. म. वि., रमणबाग अशा शाळांची पथके झाली आणि हे लोण सगळीकडे पसरले. म्हणजे पुणेकरांनीही ते दुसऱ्यांकडूनच शिकून घेतले.

ताशाची गोष्ट तर आणखी लांबची. हा शब्द 'तास' ह्या अरबी-फारसी शब्दावरून आला, अर्थ वाडगा किंवा पेला. ताशाचा आकार बघा, वाडगाच आहे. उत्तर हिंदुस्थानात मोहरमला ताशे वाजतात हे आपण सगळे जाणतो. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदादला गेले, ते ताशा बरोबर घेऊन गेले. तिथल्या 'होसे' नावाच्या मोहरमच्या मिरवणुकीत तो आजही वाजतो, हिंदूंच्या लग्नातही वाजतो. आपल्या जवळचेच पाहायचे तर मंडला-दिंडोरीकडचे धुलिया लोक गुदुम बाजा वाजवतात, तेही घोळक्याने, वाजवता वाजवता नाचत. त्यांतल्या कुणाला एकदा वर्गावर बोलवावे अशी माझी सूचना आहे. मानधन देऊन, सन्मानाने. जे वाद्य इतक्या घरांतून फिरून आपल्याकडे आले, ते वाजवायला शेजाऱ्याच्या मुलाने रांगेत थांबावे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

म्हणून माझे मत असे : नावे आली त्या क्रमाने घ्यावीत. दोन तुकड्या कराव्यात, एक सहाला आणि एक साडेसातला, आणि एकेका ढोलाला दोन वादक द्यावेत. असे केले तर एकेचाळीसही बसतात. मिरवणुकीत अर्ध्या वाटेवर वादक बदलले की खांद्या-कमरेला विश्रांतीही मिळते. माझ्या वयाच्या लोकांचे ह्यात हित आहे, हे मी लपवत नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. ती मात्र पूर्ण गंभीरपणे घ्यायला हवी, आणि ह्यात मी वादकांच्या बाजूने बोलणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ. इस्पितळ, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. पुण्यात २०२४ साली हरित लवादाने पथकात तीसच वादक असावेत असा आदेश दिला. उत्सव सुरू असतानाच सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्यात त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील, पण म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि आजारी लोक ह्यांचे प्रश्न स्थगितीने सुटत नाहीत. शेजारच्या इमारतीतल्या एका आजींनी मला स्वच्छ सांगितले, "भैया, तुम्हारा ढोल मेरी छाती में बजता है." त्यांच्या छातीत हृदयाचा ठोका नियमित ठेवणारे यंत्र आहे. तेव्हापासून सराव मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होतो आणि आठ वाजता ढोल खाली ठेवला जातो. दुसरी तुकडी झाली तर तिलाही साडेआठच्या पुढे परवानगी नको.

आणि वादकांचे कान? कारखान्यातल्या मंडळींना तक्ता पाठ असेल : ९० डेसिबलला आठ तास, १०० ला दोन तास, ११० ला अर्धा तास. फोर्ज शॉपमध्ये कानात बोळे घातल्याशिवाय पाऊल टाकू देत नसत, आणि आम्ही तेच लोक ताशाशेजारी उघड्या कानांनी दोन तास उभे राहतो! माझ्या उजव्या कानाला कारखान्यातच थोडे कमी ऐकू यायला लागले आहे, त्यामुळे मी बोळे घालूनच वाजवतो. मुले हसतात. हसू द्या. ठोका डोळ्यांनी पाहायचा असतो हे वर सांगितलेच आहे, तेव्हा बोळ्यांनी वादन बिघडत नाही. लहान मुलांना तर बोळ्यांशिवाय ताशाजवळ उभे करूच नये.

सुपारीविषयी एकच वाक्य. लग्नाच्या वरातीत, दुकानाच्या उद्घाटनाला, पुढाऱ्याच्या स्वागताला पथक पाठवायला माझा विरोध आहे. ढोलांची दुरुस्ती वर्गणीतून होते, आणि सुपारी आली की वर्गात पुढच्या रांगेत चांगले वाजवणारेच उभे राहतील, शिकणारे घरी बसतील.

वेळ संपत आला. सचिव घड्याळाकडे पाहत आहेत.

ज्यांना यायचे आहे त्यांनी सोमवारपासून यावे. महिलांनी साडी नेसून आले तरी चालते, आमच्या दोन वहिनी नऊवारीत वाजवतात, पण पायांत चप्पल नको, बूट घाला. मैदानात चिखल असतो. पहिल्या आठवड्यात टायर मिळेल, ढोल मागू नये. चिकटपट्टी, पाण्याची बाटली, एक जुना टॉवेल आणि कानांसाठी बोळे आणावेत. बोळ्यांची पन्नास जोड्यांची पिशवी मी स्वतः आणून कपाटात ठेवली आहे, किल्ली ताईंकडे आहे. पाऊस आला तर सराव शाळेच्या व्हरांड्यात होईल, तिथे फक्त टाळ्या आणि मोजणे, ढोल नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी मला भेटावे. माझ्याकडे कमरपट्टा बांधण्याची एक पद्धत आहे, त्याने भार गुडघ्यावर कमी येतो.