‘सोय नाही’ असेल, तर तसे लेखी द्या

(कामोठे येथील पालक सभेतील भाषण)



माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येते. कामोठ्यात राहायला आल्यावर प्रवेशासाठी आम्ही तीन शाळांत गेलो. कोणी अपमान केला नाही. चहासुद्धा विचारला. पण उत्तर तिन्हीकडे एकच मिळाले, ‘आमच्याकडे तशी सोय नाही.’ त्यातली एक शाळा आपल्याच समाजाच्या संस्थेची. आज मी या एका वाक्याबद्दल बोलणार आहे.

2016 साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्यात दिव्यांगतेचे 21 प्रकार आहेत. कर्णबधिरता आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. घराजवळची शाळा हवी की विशेष शाळा, ही निवड त्याची आहे, मुख्याध्यापकांची नाही. वाजवी सोय नाकारणे हाही या कायद्यात भेदभावच मानला आहे.

शाळा म्हणते, विशेष शिक्षक नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्रमाण सांगितले आहे: प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे 15 मुलांमागे एक. पदे भरली नाहीत हा दोष व्यवस्थेचा. मग घरी बसायचे मुलानेच का?

आता थोडे घरातले बोलते. 2014 च्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. त्यामुळे आपले काही संस्थाचालक समजतात की आपल्यावर कसलेच बंधन नाही. पण 2016 च्या दिव्यांग कायद्यात अल्पसंख्याक शाळांना अशी सूट नाही. आणि ज्या समाजात हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम या अंध सहाबींकडे अजान देण्याचे काम सोपवले गेले, त्या समाजाला हे कायद्याने सांगावे लागू नये.

पालकांनी काय करावे? आधी यूडीआयडी कार्ड काढा. प्रवेश तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार असेल तर कारणासह लेखी मागा. गोड बोलून दिलेल्या नकाराची नोंद कुठेच होत नाही. लेखी नकार मात्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेता येतो आणि पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयातही. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी सभेनंतर थांबावे. अर्ज आपण इथेच लिहू. आणि समोर बसलेल्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे: जूनपूर्वी एका विशेष शिक्षकाचा पगार आपल्या अंदाजपत्रकात धरा. मुले शोधायला तुम्हाला लांब जावे लागणार नाही.