ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?



 गेली बावीस वर्षं मी तालुक्याच्या गावी संगणक शिकवते. एमएस-सीआयटीच्या वर्गापासून सुरुवात केली, आता बचत गटांतल्या बायकांना मोबाइल शिकवते. तिथे जे पाहिलं, तेच या संमेलनात मांडणार आहे.

२०२५च्या दिवाळीआधी बायकांच्या खात्यात पैसे देणाऱ्या ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, चालू होतं. आमच्या गटातल्या एक मावशी सकाळी आठपासून ई-सेवा केंद्रापुढे उभ्या होत्या. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आधार कार्ड आणि पासबुक. नंबर लागला दुपारी. आधारचा आकडा टाकला आणि ओटीपी गेला पुण्याला, मुलाच्या फोनवर. मुलगा पहिल्या पाळीला, त्याचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. तीनदा ओटीपी पाठवला, तीनदा मुदत संपली. तो मिळाला असता तरी पुढे नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागणार होता, आणि मावशींचे दोघंही हयात नाहीत. अशा बायकांसाठी सरकारने नंतर वेगळी सोय केली, ते बरंच झालं. पण त्या दिवशी केंद्राच्या पायरीवर बसून मावशी म्हणाल्या, “ताई, नाव माझं, खातं माझं, आन् नंबर तेवढा पोराचा.”

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. ओटीपी जिच्या हातात येत नाही, तिच्या खात्यातला पैसा अजून तिचा झालेला नाही. घरात फोन असणं वेगळं आणि बाईच्या हातात तिचा स्वतःचा फोन असणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, देशातल्या शंभर बायकांपैकी फक्त ३३ जणींनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, आणि पुरुषांपैकी ५७ जणांनी. हा फरक घराघरांतल्या निर्णयांतून पडतो. रिचार्ज कुणाचा आधी करायचा, जुना फोन कुणाला द्यायचा, इथून तो सुरू होतो. २०२०मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा माझ्या गावात एका फोनवर दोन भावंडांचा अभ्यास चाले. भावाचा तास संपला की बहिणीची पाळी, आणि तोवर बॅटरी उतरलेली.

मुलींचं आणखी एक दुखणं आहे. कुणी घाणेरडा मेसेज पाठवला, फोटोशी खेळ केला, तर ती घरी सांगत नाही. सांगितलं की फोन काढून घेतात, कधी कॉलेजही सुटतं. गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला! पालकांना मी हात जोडून सांगते, तक्रार पोलिसांकडे न्या, फोन मुलीकडे राहू द्या.

आणि भाषा. २०२१मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, हे आपल्याला आठवत असेल. फोन सारखे बंद पडत होते आणि पोषणाची माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत होतं. बायकांना तंत्रज्ञान जमत नाही, असं तेव्हा काहीजण म्हणाले. मला ते बोलणं फार लागलं. वजन-उंचीच्या नोंदी वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या या बायका. त्यांना अ‍ॅप मराठीत दिलं असतं तर कशाला अडलं असतं? उलट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला पाहा. तिथे बायकांसाठी काम करणाऱ्या माणदेशी फाउंडेशनने २००८मध्ये ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं. गावच्या बायका माइकपुढे बसल्या आणि आपल्याच बोलीत बोलू लागल्या. यंत्र त्यांच्या भाषेत आलं, म्हणून त्यांना परकं वाटलं नाही.

आता एक मागणं. इथून परत गेलात की आपापल्या गटात पहिल्याच बैठकीत प्रत्येकीला पासबुक आणि आधार घेऊन बोलवा. दोन्हींना कुणाचा नंबर जोडला आहे, ते विचारा. तो नवऱ्याचा, मुलाचा, दुकानदाराचा असेल, तर तिला स्वतःचं सिमकार्ड घ्यायला लावा. मग बँकेत तिच्याबरोबर जा. आधारचा नंबर पोस्टमनकडूनही बदलून मिळतो. बँकेच्या व्यवहाराचा पिन दुसऱ्या कुणाकडून टाकून घेऊ नका, तिच्याच बोटाने टाकू द्या. वेळ लागेल. लागू द्या, पण तिच्या हातून फोन घेऊ नका.