गोठ्यातली सायकल

चुलीवर काही असेल तर असू द्या, हातातलं काम चालू द्या. कान तेवढे इकडे ठेवा. आज मी तुम्हाला आमच्या गोठ्यात पडलेल्या एका सायकलीची गोष्ट सांगणार आहे.

आमचं गाव पेठ तालुक्यातलं. आपल्या जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. माझ्या लेकीलाही मिळाली. बारावी झाली, ती पुढं शिकायला नाशिकला गेली आणि सायकल गोठ्यात गेली. दोन पावसाळे तशीच. टायर चिरले, साखळी गंजली, कोंबड्या तिच्यावर बसायला लागल्या.

तेव्हा माझं काय चाललं होतं? आठवडे बाजार चार किलोमीटरवर. जीपचे जायचे वीस, यायचे वीस. जीप भरेपर्यंत तासभर उन्हात उभं राहायचं. म्हणून मी जायचेच नाही. नागली घ्यायला व्यापारी दारात यायचा, तो सांगेल तो भाव मी घ्यायचे. बाजारात काय भाव चाललाय हे मला माहीतच नसायचं.

एकदा सुट्टीत लेक आली आणि म्हणाली, "आई, ही भंगारात देण्यापेक्षा तू का नाही चालवत?" मला हसूच आलं. चाळिशी उलटलेली बाई, सून आणायचं वय, आणि सायकल? पण रात्री झोप येईना.

दुरुस्तीला सातशे रुपये लागले. दोन टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर. शाळेच्या मैदानावर अंधार पडल्यावर शिकले. लेक मागून कॅरिअर धरायची. एकदा लुगड्याचा काठ साखळीत अडकला आणि मी धाडकन पडले. गुडघा फुटला. पारावरची माणसं हसली. घरी आले तर सासूबाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "हळद लाव, आणि उद्या काठ खोचून बस." बायांनो, त्या एका वाक्यानं मी शिकले.

आता हिशेब सांगते. आठवड्याला दोन फेऱ्या, म्हणजे जीपचे ऐंशी रुपये. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर चार हजार. सातशे लावले, चार हजार राहिले. पण खरी कमाई वेगळीच. मी आता बाजारात जाऊन भाव विचारते. व्यापाऱ्याला सांगते, "एवढ्याला देत असाल तर घ्या, नाहीतर मी नेते." हे "मी नेते" म्हणता येणं, हीच मोठी गोष्ट आहे.

दुसरं असं, की सगळी नागली मी आता विकतच नाही. आपण नागली विकायचो आणि त्याच पैशातून पोरांना बिस्किटाचे पुडे आणायचो. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्या आसपास. २०२३ साली सगळ्या जगानं भरडधान्याचं वर्ष साजरं केलं, आणि आपण मात्र आपल्या उतारावरची नागली पोत्यानं घालवत होतो. आता घरापुरती ठेवते. उन्हाळ्यात गटाच्या बाया मिळून पापड करतो. पत्र्याचा डबा कॅरिअरला बांधायचा, बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी, दोरीपेक्षा पक्की बसते. पापड द्यायला जुन्या लुगड्यांच्या पिशव्या. २०१८ पासून आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि गोधडी शिवणाऱ्या बाईला पिशवी शिवायला काय लागतं?

तुम्ही म्हणाल, सायकल ही शहरातल्या लोकांची हौस. आपल्या नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत सायकलवर पूर्ण करून आले. त्यांचं कौतुकच आहे. पण आपल्याला चार किलोमीटर पुरेत. आणि आपल्यासारख्या बायांनी हे आधीच करून दाखवलंय. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९०च्या सुमारास तिथं साक्षरता मोहीम निघाली, आणि अक्षरांबरोबर बायांना सायकलही शिकवली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अशा लाखभर बाया शिकल्या. १९९२च्या महिला दिनाला दीड हजार बायांनी सायकलवरून शहरात फेरी काढली. त्यांना पुरुषांची सायकल जास्त आवडायची, कारण पुढच्या नळीवर पोर बसवता येतं! नावं तिथंही ठेवली गेलीच. पण पाणी आणणं, बाजार, शाळा, सगळं त्यांनी स्वतःच्या वेळेवर केलं.

सगळं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं चढ आहेत. चढाला मी उतरते आणि ढकलत नेते, त्यात लाज कसली? जोराच्या पावसात, घाटात नेत नाही. अंधार पडायच्या आत घरी येते. दवाखान्यात जायचं झालं, तर "कुणी नेतं का" म्हणून आता वाट बघत नाही.

आमच्या गटात आम्ही अकराजणी. चौघी शिकल्या, पाचवी शिकतेय. तिच्या घरची सायकलही लेकीचीच, गोठ्यातलीच.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की उठू नका. गावात किती सायकली नुसत्या पडून आहेत, ते मोजा. कोणती किती रुपयांत चालू होईल, ते दुकानदाराला विचारा. कुणाला पैसे कमी पडले तर गटातून द्या, म्हशीला देतोच ना कर्ज! आणि पहिल्या दिवशी मागून धरायला एक मैत्रीण द्या. ती हवीच.

येते मी. आज बाजार आहे, आणि मला कुणाची वाट बघायची नाही. नमस्कार!