हात काय सांगतात?

मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी रीघ लागते. १९४८ पासून तिथे नोव्हेनाची प्रार्थना चालते. रांगेत ख्रिस्ती असतात, तसे इतर धर्मांचे लोकही असतात. सगळे येतात ते एका चित्रासाठी: नित्य साहाय्य करणाऱ्या मारियामातेच्या. मूळ चित्र क्रीट बेटाच्या परंपरेतले. १८६६ पासून ते रोमच्या संत आल्फोन्सोच्या चर्चमध्ये आहे.

अशा पूजेच्या चित्राला आयकॉन म्हणतात. त्यात शोभेपुरते काही नसते. हेच चित्र पाहा. मातेच्या कडेवर बाळ येशू आहे. वर दोन बाजूंना दोन देवदूत. मायकलच्या हाती भाला आणि स्पंज, गेब्रिएलच्या हाती क्रूस आणि खिळे. पुढे येशूच्या वाट्याला येणाऱ्या यातनांची ही साधने. बाळाने मान वळवून ती पाहिली आहेत आणि दोन्ही हातांनी आईचा हात घट्ट धरला आहे. या घाईत त्याच्या एका पायातली चप्पल सुटून नुसत्या बंदावर लोंबते आहे.

आईचा हात मात्र आवळलेला नाही. तिने तो बाळाला धरू दिला आहे, आणि त्याची बोटे बाळाकडेच वळलेली आहेत. माझ्याकडे नको, याच्याकडे पाहा, असे ती सांगते. डोळे मात्र आपल्यावर रोखलेले. मागे सगळे सोनेरी. तिथे ना झाड, ना घर, ना दिवस, ना रात्र. कारण हा प्रकाश सूर्याचा नव्हे, स्वर्गाचा.

हात आणि वस्तूंची ही भाषा करडी गावच्या श्रोत्यांना परकी वाटायचे कारण नाही. आपल्याच भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये स्तूपाचे उत्खनन झाले. तिथल्या एका स्तंभावर बुद्धाचे रक्षण करणारा मुचलिंद नाग फणा उभारून आहे आणि त्याच्या छायेत आसन आहे, पण रिकामे. बुद्ध तिथे आहेत, हे ते आसनच सांगते. इटलीत राव्हेन्नाच्या जुन्या बाप्तिस्मागृहाच्या घुमटातही असेच सिंहासन आहे. त्यावर फक्त क्रूस, बसलेले कोणी नाही. धर्म वेगळे, देश वेगळे, पण जे दाखवायचे नाही ते वस्तूकडून वदवून घ्यायची रीत एकच.

म्हणून कुठल्याही देवळात, विहारात किंवा चर्चमध्ये गेलात, की चेहऱ्यावर नजर खिळवण्याआधी हात पाहा, हातातली वस्तू पाहा. निम्मी कथा तिथेच कळते.